विंचू चावला तर: घरापासून आरोग्य केंद्रातल्या खाटेपर्यंत

लाल विंचू चावलेला माणूस बोंब मारत असला की सगळं घर घाबरतं. तोच अर्ध्या तासाने गप्प झाला, घामाने निथळून पडून राहिला, की ‘उतरला वाटतं’ म्हणून सगळे सुस्कारा सोडतात. खरा धोका त्या गप्प पडलेल्यालाच आहे. जागेवर आग, ठणका, बोटापासून काखेपर्यंत चढणारी कळ, पण बाकी अंग गरम आणि कोरडं, असे बहुतेक रुग्ण एका दिवसात बरे होतात. कळ फारशी नाही, पण उलटी, दरदरून घाम आणि बर्फासारखे गार हातपाय, असा रुग्ण पुढच्या काही तासांत फुप्फुसात पाणी होऊन दगावू शकतो. तेव्हा लक्ष कळेवर नको, हातापायांवर ठेवायचं.

ही ओळख कोकणातच पटलेली आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा यांच्या नोंदी ठेवल्या. धोक्याची पूर्वसूचना देणाऱ्या या खुणा १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपचार त्यांनी रूढ केला. त्याआधी विष अंगात भिनलेल्या शंभरांतले पंचवीस-तीस रुग्ण दगावत. वेळेवर प्राझोसिन मिळू लागल्यावर हे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. गोळी स्वस्त आहे, तोंडाने घ्यायची आहे, अतिदक्षता विभागाशिवाय देता येते. म्हणूनच वेळेवर न मिळाल्याने कोणी गेलं तर जास्त जिव्हारी लागतं.

पहिली दहा मिनिटं

विंचू शोधत बसू नका. मारला गेला असेल तर मोबाइलवर फोटो काढा, तेवढं पुरे. लाल विंचू ५ ते ९ सेंमी लांब, तांबूस-तपकिरी किंवा पिवळट असतो. त्याचे पुढचे चिमटे बारीक आणि शेपूट त्यामानाने जाड. मोठा काळा विंचू, ज्याला बरेच जण इंगळी म्हणतात, त्याचे चिमटे दणकट आणि शेपूट बारीक. दिसायला तो भीतीदायक, पण विष बहुधा जागेवरच थांबतं. फोटो नसला तरी काही अडत नाही, कारण उपचार विंचवावरून नाही, रुग्णाच्या अंगावरून ठरतात.

माणसाला आडवं करा. अंगठी, बांगडी, पैंजण, करदोटा घट्ट असेल तर काढून घ्या. जागा साबण-पाण्याने धुवा. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा. उघडा बर्फ लावला तर कातडी जळते. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅची गोळी चालेल. उलट्या आणि घामाने अंगातलं पाणी जातं, म्हणून शुद्धीवर असेल आणि पोटात राहत असेल तर ओआरएस, शहाळं किंवा मीठ घातलेली पेज घोट-घोट द्या. दारू अजिबात नको.

दोरी आवळू नका. ब्लेडने चीर देऊन रक्त काढू नका. चुना, लाल तिखट, पोटॅशियम परमँगनेटचे खडे, बॅटरीचा झटका, विष शोषणारा म्हणून चिकटवलेला दगड, यातलं काहीच विषापर्यंत पोचत नाही. चीर मात्र चिघळते. मंत्राने विंचू उतरतो असं वाटतं, कारण नुसती कळ असलेल्यांची कळ काही तासांत तशीही उतरते. ज्याचं अंग गार पडत चाललंय त्याचे तेच दोन तास वाया जातात. घरच्या म्हाताऱ्यांच्या श्रद्धेशी भांडायचं नसेल तर अंगारा वाटेत, गाडीतच लावा. गाडी थांबवू नका.

हात लावून काय पाहायचं

मे महिन्यात कोकणात घाम सगळ्यांनाच येतो, त्यामुळे नुसता घाम पाहून काही ठरवता येत नाही. न चावलेल्या बाजूचं पाऊल तळहाताने धरा. चावलेल्या हातापायाला बर्फ लावलेला असतो, तिथला गारवा फसवतो. मे महिन्यात कुणाचंही पाऊल गार नसतं. ते गार आणि ओलं लागलं तर विष अंगभर गेलंय असं धरा. मग हाताच्या पाठीवरच्या शिरा पाहा. शेतात राबणाऱ्या माणसाच्या शिरा एरवी दोरीसारख्या वर दिसतात. विष चढलं की त्या आत ओढल्या जातात, हात पांढुरका आणि सपाट दिसतो. याच शिरा पुढे बरं होण्याचीही खूण ठरतात, म्हणून आत्ता नीट पाहून ठेवा.

बाकीच्या खुणा: एक-दोनदा किंवा सतत उलटी, तोंडातून चिकट दाट लाळ, छातीत धडधड, नाडी आधी मंद आणि मग जलद. पुरुषांत आणि मुलग्यांत लिंग ताठ राहतं. लाजेपोटी घरचे हे सांगत नाहीत, पण लहान मुलात ही फार लवकर दिसणारी आणि खात्रीची खूण आहे. आईने चड्डी बाजूला करून बघावं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. दम लागणं, आडवं झोपता न येणं, खोकल्याबरोबर गुलाबी फेस, ही फुप्फुसात पाणी झाल्याची लक्षणं. तिथवर थांबायचंच नाही.

बोलता न येणारं मूल रात्री अचानक किंचाळून उठलं, रडणं थांबेना, उलटी झाली, घाम आला आणि पाय गार लागले, तर नजर लागली, पोट दुखतंय असं म्हणत बसू नका. दिवा लावून अंथरूण झटका, आणि झटकता झटकता एकाने गाडीची व्यवस्था करावी.

काय चावलं ते पाहिलंच नसेल तर सर्पदंश धरून चाला. जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावली तर जागा दुखतही नाही, खूणही धड दिसत नाही. काही तासांत पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. कातळावर आणि दगडांत सापडणारं फुरसं चावलं तर सूज वाढत जाते आणि हिरड्यांतून किंवा जखमेतून रक्त थांबत नाही. विंचवाने जागेवर फारशी सूज येत नाही, पापण्या पडत नाहीत. आरोग्य केंद्रात शंका उरली तर वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करावी. नव्या, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्या, वीस मिनिटं हलवू नका, मग एकदाच आडवी करा. रक्त वाहिलं तर गोठण बिघडली आहे. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि नसलेल्या सर्पदंशाची लस दिली जाते.

आधी जवळ, मग लांब

१०८ ला फोन करा, पण ती यायला वेळ लागणार असेल तर रिक्षा, टेम्पो, मिळेल ते वाहन काढा. मंडणगड, पोलादपूर, लांजा, वैभववाडी अशा डोंगराळ तालुक्यांत थेट रत्नागिरी किंवा मुंबई गाठायचा विचार घातक ठरतो. प्राझोसिनची पहिली मात्रा सगळ्यात जवळच्या ठिकाणी घ्यायची, पुढचा प्रवास त्यानंतर. निघतानाच आरोग्य केंद्रात फोन करून ‘प्राझोसिन आहे का, डॉक्टर आहेत का’ एवढे दोन प्रश्न विचारा. आशाताईंकडे नंबर असतो. रुग्णाला मोटरसायकलवर मध्ये बसवून नेणं शक्यतो टाळा. उलटी होते, भोवळ येते, आणि गोळी घेतल्यावर तर बसवणंच धोक्याचं. पोचल्यावर चार गोष्टी सांगा: किती वाजता चावला, उलटी किती वाजता सुरू झाली, पाय कधीपासून गार आहेत, घरात काय औषध दिलं.

प्राझोसिन घरी आणून ठेवून स्वतः देऊ नका. रक्तदाब मोजायची सोय नसताना, अंगातलं पाणी कमी झालेल्या माणसाला ती गोळी दिली तर उठताक्षणी तो कोसळतो.

आरोग्य केंद्रात: प्राझोसिन कसं द्यावं

हा भाग तरुण वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिकांसाठी आहे, पण नातेवाइकांनीही वाचावा. खाटेजवळ कोण काय करतंय आणि का, हे कळलं की विनाकारण आरडाओरडा होत नाही.

विष नसांतल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं. नसा थांबतच नाहीत, अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा लोंढा रक्तात येतो, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. पुढचा व्हॉल्व्ह बंद करून विहिरीवरचा पंप चालू ठेवावा तशी हृदयाची गत होते: जोर लावून थकतं आणि रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. प्राझोसिन रक्तवाहिन्यांवरची अल्फा ग्राहकं अडवून त्या मोकळ्या करतं. विष ते मारत नाही, विषाने केलेली आवळण सोडवतं. म्हणून चावून काही तास झाले तरी त्याचा उपयोग होतो.

नुसती कळ असेल तर प्राझोसिनची गरज नाही. जागेवर २ टक्के लिग्नोकेनचं इंजेक्शन (अ‍ॅड्रिनॅलिन नसलेलं), बर्फ, तोंडाने वेदनाशामक, आणि २४ तास नजरेखाली. घरी सोडायची घाई नको, लक्षणं उशिराही उमटतात. उलटी, घाम, गार हातपाय यांतलं काही दिसलं की लगेच सुरू करा.

मात्रा: लहान मुलाला दर किलो वजनाला ३० मायक्रोग्रॅम, मोठ्या माणसाला एका वेळी ५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ मिग्रॅच्या गोळीची अर्धी. गोळी साधीच हवी. हळूहळू विरघळणारी, सस्टेन्ड रिलीज प्रकारची गोळी इथे कामाची नाही. तिचा असर उशिरा सुरू होतो, ती फोडली तर सगळं औषध एकदम उतरतं, आणि मात्रा आपल्या हातात राहत नाही. दुकानात मागताना हे नीट विचारलं नाही तर बहुतेक वेळा तीच हातात पडते. लहान मुलासाठी १ मिग्रॅची साधी गोळी बारीक करून १० मिली पाण्यात कालवा. दर मिलीत १०० मायक्रोग्रॅम होतात. १० किलोच्या मुलाला ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३ मिली. गोळी पाण्यात पूर्ण विरघळत नाही, तळाशी बसते, म्हणून प्रत्येक वेळी ढवळून त्याच क्षणी सिरिंजमध्ये ओढा. नाहीतर एका मुलाला नुसतं पाणी आणि दुसऱ्याला दुप्पट औषध जातं. उलटीमुळे काही टिकत नसेल तर नाकातून नळी घालून द्या.

रक्तदाब वाढलेला नसला तरी प्राझोसिन देता येतं, मात्र अंगातलं पाणी भरून काढलेलं हवं. जीभ कोरडी, लघवी कमी असेल तर आधी तोंडाने किंवा बेताने शिरेतून द्रव द्या. इथे हात सैल सोडला तर फुप्फुसात पाणी आपणच भरतो. सलाईनची बाटली भराभर सोडणं ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे, कारण नातेवाइकांना बाटली लावली की उपचार सुरू झाल्यासारखं वाटतं.

पहिल्या मात्रेनंतर तीन तास रुग्ण आडवाच राहील. आईला स्पष्ट बजावा: मुलाला उचलून खांद्यावर घ्यायचं नाही, पाजायचं असेल तर शेजारी आडवं होऊन. उभं केलं की रक्तदाब झपकन उतरतो. लघवीसाठी भांडं द्या. नाडी, रक्तदाब आणि श्वास पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे सहा तास दर तासाने, मग सुधारणा होईपर्यंत चार-चार तासांनी पाहा. तीन तासांनी पाय अजून गार असतील तर तीच मात्रा पुन्हा, त्यानंतर दर सहा तासांनी. थांबायचं केव्हा? पाय गरम आणि कोरडे झाले, हाताच्या पाठीवरच्या शिरा पुन्हा वर दिसू लागल्या की. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच नातेवाइकांना सांगून ठेवा: विष ओसरू लागलं की चावलेली जागा परत ठणकू लागते. ते बरं होण्याचं लक्षण आहे, बिघडल्याचं नाही.

फुप्फुसात पाणी झालंच तर रुग्णाला टेकवून बसवा, ऑक्सिजन लावा, रक्तदाब चांगला असेल तर फ्युरोसेमाइड, आणि नायट्रोग्लिसरीन किंवा सोडियम नायट्रोप्रुसाइडची ड्रिप. रक्तदाब पडला तर डोब्युटामिन. हे उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाचं काम. सोबत परिचारिका आणि ऑक्सिजन देऊनच पाठवा, आणि आतापर्यंत किती मात्रा किती वाजता दिल्या ते कागदावर लिहा.

काय देऊ नये हेही तितकंच ध्यानात ठेवा. घाम आणि लाळ थांबवायला अ‍ॅट्रोपिन देण्याचा मोह होतो. त्याने नाडी आणखी धावते आणि हृदयावरचा ताण वाढतो. हृदयाची गती धोकादायक मंद झाली तरच ते. बीटा ब्लॉकर दिले तर अल्फा परिणाम मोकाट सुटतो. निफेडिपिनने नाडी वाढते. स्टेरॉइड आणि अ‍ॅव्हिलसारख्या अ‍ॅलर्जीच्या इंजेक्शनांचा इथे काडीचा उपयोग नाही. मॉर्फिन टाळा. पेथिडिन, प्रोमेथाझिन आणि क्लोरप्रोमाझिन एकत्र करून दिलं जाणारं लिटिक कॉकटेल तर पूर्ण बंद. रुग्ण शांत झोपलेला दिसतो आणि झोपेतच बिघडतो. सर्पदंशाची लस विंचवावर चालत नाही.

विंचवाची लस: अभ्यास काय सांगतात

विंचवाची वेगळी लस आहे. मुंबईचं हाफकिन ती लाल विंचवाच्या विषापासून, घोड्याच्या रक्तद्रवातून तयार करतं. तिचा सर्वांत उपयोगी अभ्यास पुन्हा महाडमधलाच, २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला. विष भिनल्याची लक्षणं आहेत पण फुप्फुसात पाणी झालेलं नाही, असे ७० रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि लस. दहा तासांनी पूर्ण बरे झालेले नुसत्या प्राझोसिनच्या गटात ८, लस मिळालेल्यांत ३२. पण आणखी बिघडलेल्यांची संख्या दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती. म्हणजे लसीने बरं होणं लवकर होतं, बिघडणं मात्र तिने थांबल्याचं दिसलं नाही. याचा आरोग्य केंद्रापुरता अर्थ सरळ आहे: लस असेल तर प्राझोसिनबरोबर द्या, तीही लवकर, आणि लस नाही म्हणून प्राझोसिन लांबवू नका. एकदा रक्तात उतरलेल्या अ‍ॅड्रिनॅलिनला लस हात लावू शकत नाही.

परदेशातले अभ्यास वाचून गोंधळ होतो. ट्युनिशियातल्या, १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या अभ्यासात आठशेहून जास्त रुग्ण होते आणि सरसकट लस देण्याचा फायदा दिसला नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात २००९ च्या अभ्यासात फक्त १५ मुलं होती. लस मिळालेली आठच्या आठ चार तासांत बरी झाली, न मिळालेल्या सातांपैकी एकच. दोन्ही खरे आहेत. विंचू वेगळे, विष वेगळं, लस वेगळी, आणि ट्युनिशियात सौम्य रुग्णही सरसकट घेतले होते. आपल्या लाल विंचवासाठी महाडचे आकडे धरावेत. त्या ७० जणांत गंभीर अवस्थेतले रुग्ण नव्हते, एवढी त्याची मर्यादाही सोबत ध्यानात असू द्या.

लस देताना अ‍ॅड्रिनॅलिन (मोठ्या माणसासाठी ०.५ मिग्रॅ, मुलाला वजनानुसार कमी) मांडीत टोचण्यासाठी भरून हाताशी ठेवा. लसीची मात्रा कुपीसोबतच्या पत्रकाप्रमाणे.

घर आणि खळं

विंचवाचा उपद्रव मार्च ते जून आणि नंतर सप्टेंबर-ऑक्टोबरात जास्त. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंतीतल्या उघड्या दर्जा (चिऱ्यांमधल्या फटी), गडगे, कौलांखालचे वासे, पेंढ्याची उडवी, शेणी, नारळाच्या सोडणांचा ढीग, ही त्याची ठिकाणं. झोपायची खोली आणि न्हाणीघर यांच्या भिंतींच्या दर्जा आतून जमिनीपासून निदान तीन फूट सिमेंटने भरा. लाकूडफाटा आणि सोडणं भिंतीला टेकवू नका, पडवीबाहेर फळ्यांवर रचा. पावसाळ्याआधी लाकडं आत घेताना आणि आगोटीच्या साफसफाईत सर्वांत जास्त हात सापडतात, तेव्हा प्रत्येक मोळी आधी खळ्यात आपटून घ्या आणि चिरा उचलताना आपल्यासमोरची, पलीकडची कडा वर करा, म्हणजे खालचा विंचू समोरच्या बाजूला पळेल. चटईऐवजी खाट, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली, चपला आणि टॉवेल झटकून. कीटकनाशक फवारलं तर दर्जांतले विंचू मरण्याऐवजी चवताळून बाहेर येतात, त्या रात्री मुलांना तिथे झोपवू नका.

अतिनील टॉर्च घ्या. त्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो, पाच-सात पावलांवरूनही दिसतो. दिवे मालवून, रात्री आठनंतर भिंतीचा पाया, गडगा आणि न्हाणीघर फिरून पाहा. पायात बूट, हातात फूटभर लांब चिमटा आणि झाकणाचा डबा. नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही, त्यामुळे टॉर्चमध्ये काही दिसलं नाही म्हणून अनवाणी फिरायला लागू नका.

आणि मार्च उजाडला की गावातल्या एका-दोघांनी आरोग्य केंद्रात जाऊन विचारून यावं: साधं प्राझोसिन १ मिग्रॅ आहे का, मुदत कधी संपते, आणि रात्री ते कुठे असतं. औषधं भांडारात आणि भांडाराची किल्ली घरी गेलेल्या औषधनिर्मात्याच्या खिशात असेल तर रात्री अकरा वाजता ती गोळी नसल्यातच जमा. दहा साध्या गोळ्या, एक १० मिलीची सिरिंज आणि वजनानुसार मात्रेचा तक्ता एका डब्यात घालून तो तातडीच्या औषधांच्या ट्रेमध्ये ठेवायला सांगा, आणि ठेवलेला डोळ्यांनी पाहूनच परत या.